आधी ओंडके मोजले, मग करवत घेतली

आमचा छोटासा गट जंगलातल्या एका पायवाटेची देखभाल करतो. वाटेवर झुकलेल्या फांद्या छाटायच्या, आडवे पडलेले ओंडके कापून बाजूला सारायचे, पाणी वाहून जायला काढलेले चर मोकळे ठेवायचे, असं ते काम. आजवर हे हातकरवतीवर आणि मागून आणलेल्या पेट्रोलच्या चेनसॉवर, म्हणजे दातेरी साखळी फिरवून कापणाऱ्या यंत्रावर, भागत होतं. गटाची स्वतःची, बॅटरीवर चालणारी चेनसॉ घ्यायचं ठरलं तेव्हा निवड करायचं काम माझ्याकडे आलं. ती निवड कशी झाली आणि करवत हातात आल्यावर काय काय कळलं, ते सगळं सविस्तर लिहितोय, कारण मी शोधत होतो तेव्हा मला नेमकं असंच काहीतरी वाचायला हवं होतं.

जिथे बघावं तिथे पहिली तुलना व्होल्टची. २०, ४०, ५६, ६०, ८०. आकडा मोठा तेवढी करवत दमदार, असा सगळा सूर. मी ते बाजूला ठेवलं आणि मोजपट्टी घेऊन वाट चालायला निघालो. वाटेवर पडलेल्या, झुकलेल्या आणि लवकरच पडतील अशा वाटणाऱ्या प्रत्येक लाकडाचा व्यास, जिथे काप घ्यावा लागेल त्या जागी, वहीत लिहून काढला. शिवाय ते लाकूड वाटेच्या तोंडापासून किती आत आहे हेही लिहिलं. हे दोन रकाने पुढे प्रत्येक निर्णयाला उपयोगी पडले.

वही भरल्यावर चित्र स्पष्ट झालं. बहुतेक लाकूड मनगटापासून मांडीएवढ्या जाडीचं, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या आतबाहेर. काही ओंडके २० ते २५ सेंटिमीटरचे. त्याहून जाड अगदी थोडे, आणि त्यातले काही इतके अवघड पडलेले की त्यांना आम्ही हात न लावलेलाच बरा.

आता व्यास आणि काम यांचं नातं सरळ नसतं. करवतीला कापायचं असतं ते क्षेत्रफळ. १० सेंटिमीटरच्या फांदीचा छेद साधारण ७९ चौरस सेंटिमीटर भरतो, २० सेंटिमीटरच्या ओंडक्याचा ३१४ आणि ३० सेंटिमीटरच्या ओंडक्याचा ७०७. म्हणजे ३० सेंटिमीटरचा एक काप घ्यायला जेवढी वीज जाते, तेवढ्यात १० सेंटिमीटरचे नऊ काप निघतात. ‘एका चार्जमध्ये इतके काप’ अशा जाहिरातीतल्या आकड्याखाली लाकूड किती जाड होतं हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तो आकडा आधी शोधायचा, वरचा नंतर वाचायचा.

सात-आठ सेंटिमीटरच्या खालचं सगळं मी यादीतून काढूनच टाकलं. त्याला चांगली घडीची हातकरवत पुरते. ओढताना कापणाऱ्या दातांची ती करवत अशी फांदी अर्ध्या मिनिटात उतरवते, तिला चार्ज लागत नाही आणि ती पाठीवर जाणवतही नाही. बॅटरीच्या चेनसॉचा बराचसा चार्ज अशा किरकोळ फांद्यांवर वाया जातो, असं माझं ठाम मत झालं आहे.

याच टप्प्यावर चार-सहा इंची पात्याच्या (पातं म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते ती पट्टी) छोट्या, एका हातात मावणाऱ्या करवतींचाही विचार केला. आजकाल त्यांचं फार कौतुक आहे आणि बागेतल्या छाटणीला त्या सोयीच्या आहेत हे खरं. पायवाटेवर मात्र मला त्या पटल्या नाहीत. एका हातात करवत आली की दुसरा हात आपोआप फांदी धरायला पुढे जातो, नेमका चेनच्या वाटेत. शिवाय त्यातल्या कित्येकींना आपोआप तेल सोडणारा पंप नसतो, थोड्या थोड्या वेळाने हाताने तेल घालावं लागतं. आणि १५ सेंटिमीटरच्या ओंडक्यापुढे त्यांचं पातंच अपुरं पडतं.

मग व्होल्टकडे वळलो. लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा. पूर्ण भरल्यावर तो ४ च्या थोडा वर जातो, काम करताना ३.६ च्या आसपास राहतो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात; भरलेल्या अवस्थेतला आकडा छापला की तेच ‘२० व्होल्ट मॅक्स’. दहा सेल म्हणजे ३६, किंवा ‘४० मॅक्स’. चौदा सेलचा पॅक ५६ म्हणून विकला जातो, पंधराचा ‘६० मॅक्स’ म्हणून, विसाचा ‘८० मॅक्स’ म्हणून. तेव्हा ३६ आणि ४० असे दोन डबे शेजारी दिसले तर आतला पॅक बहुधा एकाच जातीचा असतो.

पॅकमध्ये किती काम साठलंय हे सांगणारा आकडा वॅट-अवरचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॅट-अवर. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर म्हणजे १८०. काही यंत्रांत १८ व्होल्टचे दोन पॅक एकदम बसतात, त्यांची बेरीजही १८०. जास्त व्होल्टचा फायदा वेगळाच आहे: तेवढीच ताकद कमी करंटमध्ये मिळते, तारा आणि सेल कमी तापतात, आणि ओंडका जाड असला तरी मोटर दम टिकवते. आमच्या वहीतल्या लाकडाला १८ व्होल्टचा एकच पॅक तोकडा पडला असता. ८० व्होल्टची ताकद मात्र आम्ही नुसतीच पाठीवर वाहिली असती. ३६ ते ५६ या पट्ट्यात शोध थांबला.

पेट्रोलशी तुलना टाळता येत नाही, आणि ती प्रामाणिकपणे करायला हवी. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॅट-अवर ऊर्जा असते. लहान टू-स्ट्रोक इंजिन त्यातली बहुतेक उष्णतेत आणि धुरात घालवतं, तरीही अर्ध्या लिटरच्या बाटलीतून चेनपर्यंत जे पोचतं ते १८० वॅट-अवरच्या कित्येक पॅकइतकं भरतं. दिवसभर जाड लाकूड कापायचं असेल तर पेट्रोलला अजून तोड नाही. पण आमचं काम तसं नाही. आम्ही वीस मिनिटं चालतो, दोन काप घेतो, ओंडका ढकलतो, पुन्हा चालतो. पेट्रोलची करवत दर थांब्याला दोरी ओढून सुरू करायची, गरम इंजिन कधी रुसून बसायचं, पिशवीत तेलमिश्रित पेट्रोलचा वास, कपड्यांना वास. बॅटरीवाली दोन कापांच्या मध्ये काहीच खात नाही. थांबत थांबत करायच्या कामात हा हिशेब तिच्या बाजूने झुकतो. शिवाय ज्या पाखरांसाठी आणि शांततेसाठी लोक त्या वाटेवर येतात, ती शांतता आपणच मोडत नाही, याचं मला खरंच मोल वाटतं.

वजनाचं गणित वहीतल्या दुसऱ्या रकान्याने सोडवलं. जाहिरातीत छापलेलं वजन बहुतेक वेळा ‘बॅटरी, पातं आणि चेनशिवाय’ असतं. सगळं जोडून, टाकी तेलाने भरून वजन केलं की आकडा दीड-दोन किलोने सहज वाढतो. त्यात दुसरा पॅक, तेलाची छोटी बाटली, पाचरी, कानस, हेल्मेट आणि चॅप्स, म्हणजे पायांवर चढवायची संरक्षक आवरणं, धरा. मी हे सगळं सामान एका पिशवीत भरून, करवतीच्या वजनाचे दगड घालून, वाटेच्या सर्वांत लांबच्या टोकापर्यंत नेऊन पाहिलं. चढावर प्रत्येक किलो बोलतो. १६ इंची पात्याच्या यंत्रांचा मोह तिथेच सुटला.

पात्याची लांबी ठरवायला साधा नियम वापरला: नेहमीच्या ओंडक्याच्या व्यासापेक्षा पातं दोन इंच जास्त. आमचा नेहमीचा जाड ओंडका २५ सेंटिमीटर, म्हणजे दहा इंच. तेव्हा १२ इंची पातं. क्वचित त्याहून जाड लाकूड आलं तर दोन्ही बाजूंनी काप घेता येतो. लहान पात्याला चेन कमी लागते, घर्षण कमी होतं, टोक नजरेच्या टप्प्यात राहतं. झुडपांमध्ये काम करताना ते टोक कुठे आहे हे कळणं फार महत्त्वाचं असतं, त्याचं कारण पुढे येईलच.

आता चेन. माझ्या मते निवडीचा गाभा इथे आहे आणि नेमकं याबद्दलच फार थोडं बोललं जातं. चेनच्या तीन लागोपाठच्या रिव्हेटांमधलं अंतर मोजून निम्मं केलं की पिच मिळतो. पात्याच्या खाचेत फिरणाऱ्या कडीची जाडी म्हणजे गेज. बॅटरीच्या करवतींना बहुतेक करून ३/८ इंच पिचची, लो प्रोफाइल म्हणजे कमी उंचीची चेन असते आणि तिच्यात दोन गेज सर्रास मिळतात: ०.०५० इंच म्हणजे १.३ मिलिमीटर, आणि ०.०४३ इंच म्हणजे १.१ मिलिमीटर. बारीक गेजच्या चेनचा काप अरुंद पडतो. अरुंद काप म्हणजे कमी लाकडाचा भुसा करायचा, म्हणजे त्याच चार्जमध्ये जास्त काप. बारीक चेन थोडी नाजूक असते, दगडाला किंवा खिळ्याला लागली तर लवकर दुखावते. पण आमच्या कामाला ती योग्य होती.

दाताचा आकारही बघितला. टोकदार, काटकोनी कोपऱ्याचा फुल चिझल दात स्वच्छ लाकडात झपाट्याने जातो, पण माती लागली की त्याची धार लगेच बसते. सेमी-चिझलचा कोपरा किंचित गोल असतो. तो थोडा सावकाश कापतो, पण मळलेल्या सालीवर बराच काळ टिकतो. पायवाटेवर पडलेल्या ओंडक्याची खालची बाजू चिखलात रुतलेली असते आणि सालीच्या भेगांत वाळू असते. सेमी-चिझलशिवाय दुसरा विचार करायचं कारणच नव्हतं.

आज सगळ्या चेनसॉंवर दिसणारा हा वळलेला दात १९४७ साली जो कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याने बाजारात आणला. झाडाच्या बुंध्यात राहणारी भुंग्याची अळी लाकूड कसं कुरतडते हे बघताना त्याला ती कल्पना सुचली. अळीचे जबडे डावीकडे आणि उजवीकडे आळीपाळीने चालत होते. चेनवरही डावा दात, उजवा दात असेच एकाआड एक असतात. हे कळल्यापासून चेनकडे बघायची माझी नजरच बदलली.

प्रत्यक्ष हाताळायला मी तीन-चार यंत्रं मिळवली. स्टिल, हुस्कवर्ना, मकिता, इगो, डिवॉल्ट अशी सगळी घराणी आज या वर्गात आहेत, आणि कागदावर ती एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की निवड हातानेच करावी लागते. घराणं निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवायची: एकदा पॅक घेतला की आपण त्या घराण्याचे झालो. पुढे गवत कापायचं यंत्र किंवा झुडपं छाटायचं यंत्र घेतलं तर तोच पॅक चालला पाहिजे. एकाच कंपनीतही सगळे पॅक सगळ्या यंत्रांना चालतातच असं नाही. स्टिलच्या एके आणि एपी या दोन्ही मालिका ३६ व्होल्टच्या, पण एकीचा पॅक दुसरीच्या यंत्रात चालत नाही. हे विकत घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

वरून धरायची मूठ असलेली आखूड करवत, म्हणजे टॉप हँडल, दिसायला सुटसुटीत आणि वजनाला हलकी. पिशवीत छान बसते. पण ती झाडावर चढून, दोरावर लटकून काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसांसाठी बनवलेली असते. दोन्ही मुठी जवळजवळ असल्यामुळे पातं उसळलं तर ते आवरायला हातांना पुरेसा जोर मिळत नाही. जमिनीवर उभं राहून कापणाऱ्याने मागच्या मुठीची करवतच घ्यावी. यावर मी कुणाशीही तडजोड करणार नाही.

ही उसळी म्हणजे किकबॅक. पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही टेकला, मग ती मागे लपलेली फांदी का असेना, की चेन तिथे अडते आणि सगळं पातं क्षणात वर आणि आपल्या तोंडाकडे फिरतं. प्रतिक्रिया द्यायला माणसाला वेळच मिळत नाही. म्हणून पुढच्या मुठीसमोरचा ब्रेक नुसत्या हाताच्या धक्क्याने लागून चालत नाही, तो झटक्याच्या जडत्वानेही लागायला हवा. लहान नाकाचं पातं आणि कमी उसळणारी चेन असेल तर आणखी चांगलं. मी पाहिलेल्या एका स्वस्त यंत्राला हा ब्रेकच नव्हता, फक्त प्लॅस्टिकचं आडोशाचं पान होतं. ते तिथेच परत ठेवलं.

हातात घेतल्यावर मी जे तपासलं ते साधं होतं. हातमोजे घालून तेलाच्या टाकीचं झाकण उघडता येतं का? पॅक चिखलाने माखला तरी निघतो का? पात्याचे नट सैल केल्यावर झाकणातच अडकून राहतात की पाचोळ्यात पडून हरवतात? चेन ताणायला हाताने फिरवायचं चाक आहे की स्क्रू? चाक सोयीचं असतं, पण भुसा आणि तेल साचून जाम होतं. मला स्क्रू आवडला. आणि सगळ्यात शेवटी, पुढच्या मुठीवर एका हाताने तोलून धरली तर नाक किंचित खाली झुकतं का. पॅक फार जड असेल तर यंत्र मागे कलतं आणि दिवसभर मनगट दुखतं.

शेवटी ३६ व्होल्टची, मागच्या मुठीची, १२ इंची पात्याची करवत घेतली. ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली) मोटर, १.१ मिलिमीटर गेजची चेन, ५ अँपिअर-अवरचे दोन पॅक. एकच मोठा पॅक घेण्यापेक्षा दोन मध्यम घेतले, कारण एक पिशवीच्या तळाशी राहतो, हातावरचं ओझं कमी होतं, आणि एक तापून बंद पडला तर दुसरा असतो.

करवतीबरोबरच हेल्मेट, जाळीचा पडदा, कानांवरचे मफ, चॅप्स आणि चांगले बूट घेतले. बॅटरीची करवत कमी आवाज करते म्हणून कान मोकळे ठेवायचे, हे चूक. लाकडात शिरलेली चेन ८५ डेसिबलच्या वर सहज जाते आणि कान त्याच्यापुढे हळूहळू दुखावतात. चॅप्सबद्दल एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. त्यांच्या आतले लांब धागे चेनमध्ये ओढले जाऊन चेन फिरवणारं चाक जाम करतात, असं ते काम चालतं. पेट्रोलच्या यंत्रात चाक जाम झालं की क्लच घसरतो. विजेची मोटर मात्र अगदी सुरुवातीच्या फेऱ्यापासून पूर्ण जोर लावते, त्यामुळे ती धागे तोडत पुढे जाण्याचा धोका जास्त. काही चॅप्सवर तसा इशारा छापलेलाही असतो. चॅप्स घालायच्याच, पण पाय चेनच्या रेषेत कधीच ठेवायचा नाही.

आणि शांतता हाच या यंत्राचा वेगळा धोका. पेट्रोलची करवत सुरू आहे हे ती स्वतःच ओरडून सांगते. ही गप्प असते आणि बोट ट्रिगरवर गेलं की लगेच पूर्ण वेगाने फिरते. म्हणून आमच्या गटात नियम केला: चेनला, पात्याला हात लावायचा असेल, किंवा करवत घेऊन चालायचं असेल, तर पॅक आधी बाहेर. नुसता ब्रेक लावून भागत नाही.

पहिल्याच मोहिमेत एक २० सेंटिमीटरचा ओंडका आडवा होता, दोन्ही टोकं दोन बांधांवर टेकलेली आणि मधला भाग अधांतरी. असा ओंडका स्वतःच्या वजनाने मधे खाली वाकू पाहतो, म्हणजे वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. सरळ वरून कापत गेलं तर काप मिटतो आणि पातं चिमटीत सापडतं. आधी दाबाची बाजू, मग ताणाची. वरून साधारण एक तृतीयांश काप घेतला, कापाकडे बघत राहिलो. फट बारीक व्हायला लागल्यासारखी वाटली तेव्हा थांबलो, प्लॅस्टिकची पाचर हलकेच ठोकली, आणि मग खालून वर काप आणला. खालून कापताना पात्याची वरची धार काम करते आणि यंत्र आपल्याकडे ढकललं जातं, त्यामुळे मूठ अंगाशी पक्की टेकवून धरावी लागते. ओंडका दबका आवाज करून दोन तुकड्यांत खाली बसला. एकाच टोकावर टेकलेला ओंडका असता तर सगळं उलटं: आधी खालून, मग वरून. पाचर प्लॅस्टिकचीच हवी, लोखंडाची चुकून चेनला लागली की दात गेले.

बॅटरीच्या करवतीची एक सवय इथेच कळली. पातं चिमटीत सापडलं किंवा आपण जास्त रेटलं की तिचं इलेक्ट्रॉनिक संरक्षण मोटरची वीज तोडतं. यंत्र बिघडलं असं वाटतं, पण ट्रिगर सोडून पुन्हा दाबला की चालू होतं. सारखं असं होत असेल तर ते रेटण्याचं किंवा बोथट धारेचं लक्षण. आमच्यातले एक काका आयुष्यभर पेट्रोलच्या करवती वापरत आलेत. ते माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, “भुसा बघ, भुसा. आवाजाकडे नको लक्ष देऊस.” त्यांनी ओंजळीत भुसा घेऊन दाखवला. धार चांगली असेल तर तांदळाच्या कण्यांपेक्षा मोठे, चपटे, करकरीत तुकडे पडतात. धार गेली की पिठासारखी भुकटी. माती लागलेल्या एका ओंडक्यानंतर तुकड्यांची भुकटी झालेली त्या दिवशीच दिसली, आणि पॅकवरचे दिवेही नेहमीपेक्षा भराभर विझत गेले. बॅटरीवर चालणाऱ्या करवतीत बोथट धारेचा फटका थेट चार्जला बसतो. दुसरा पॅक घेण्याआधी कानस शिकून घ्यावी, हे माझं सगळ्यांना सांगणं आहे.

कानस मारणं अवघड नाही, पण घाईचं काम नाही. पॅक काढायचा, पातं लाकडाच्या फटीत पक्कं अडकवायचं, सगळ्यात जास्त झिजलेल्या दातापासून सुरुवात करायची. दातावर कोनाची खूण असते, बहुतेक ३० अंशांची. कानस त्या रेषेत, आतून बाहेर, पुढे ढकलतानाच दाबायची. मागे आणताना उचलायची. प्रत्येक दाताला तेवढेच फटके, म्हणजे सगळे दात एका लांबीचे राहतात. आधी एका बाजूचे सगळे, मग दुसऱ्या बाजूचे. डावे-उजवे कमीजास्त झाले तर काप तिरका जातो. माझ्या चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, पण त्याच पिचच्या दुसऱ्या बनावटीच्या चेनला ४.५ ची लागू शकते, तेव्हा चेनच्या डब्यावर वाचून घ्यायचं. दातापुढचा छोटा उंचवटा चेन किती खोल चावेल हे ठरवतो. माझ्या चेनला तो दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली हवा असतो. काही वेळा धार लावून झाल्यावर तो गेजपट्टीने तपासून चपट्या कानशीने उतरवायचा. फार उतरवला तर चेन हावरेपणाने चावते आणि उसळी वाढते.

उभ्या झाडाच्या वाटेवर आलेल्या फांद्या छाटताना तीन काप घ्यायचे. बुंध्यापासून थोडं लांब, खालून एक अर्धवट काप. त्याच्या जरा पुढे वरून दुसरा, म्हणजे फांदी साल न सोलता खाली येते. मग उरलेला ठुणका फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेरून उतरवायचा. तो फुगवटा झाडाची जखम भरून काढतो. बुंध्याला घासून, एकदम सपाट छाटलेली फांदी दिसायला नीटनेटकी, पण झाडाला तो घाव भरता येत नाही आणि आत कूज शिरते. अ‍ॅलेक्स शिगो या अमेरिकन संशोधकाने असंख्य बुंधे उभे चिरून हे दाखवून दिलं. आपण वाट माणसांसाठी मोकळी करतो, पण झाड तिथेच राहणार असतं. खांद्याच्या उंचीच्या वर तर मी चेनसॉ नेतच नाही, तिथे काठीला लावलेली हातकरवत वापरतो.

पॅकची काळजी फार नाही, पण ठरावीक आहे. कडाक्याच्या थंडीत पॅक कमी काम देतो, म्हणून दुसरा पॅक कपड्यांत गुंडाळून पिशवीत आत ठेवायचा. शून्य अंशाखाली तो चार्ज करायचा नाही, सेलच्या आत लिथियम धातू साचून कायमचं नुकसान होतं. उन्हात तापलेला पॅक चार्जर घेतच नाही, आधी सावलीत निवू द्यायचा. काम नसलेल्या महिन्यांत पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा न ठेवता निम्म्याच्या आसपास चार्जवर, थंड कोरड्या जागी ठेवायचा. विमानाने नेण्याचा प्रश्न आलाच तर १६० वॅट-अवरच्या वरचा पॅक प्रवासी सामानात चालत नाही, म्हणजे आमचा १८० चा पॅक तिथे थांबतो.

तेलाचं मात्र बारकाईने बघावं लागतं. चेनला लागणारं तेल परत टाकीत येत नाही. वापरलं तेवढं सगळं जमिनीवर आणि भुशात पडतं. पायवाटेच्या कडेला ओढे असतात, तेव्हा आम्ही वनस्पतीजन्य, कुजून जाणारं तेल वापरतो. त्याचा एक दोष: करवत बरेच दिवस तशीच पडून राहिली तर ते चिकट होऊन पंप आणि पात्याची खाच जाम करतं. म्हणून काम संपल्यावर टाकी रिकामी करतो, पात्याची खाच पातळ पत्र्याने खरवडतो, तेलाचं भोक मोकळं करतो आणि पातं उलटवून बसवतो, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. टाकी रिकामी केली की पिशवीत तेल गळायचाही प्रश्न राहत नाही. या करवती उभ्या-आडव्या ठेवल्या की थोडं तेल सोडतातच. कामावरून परतल्यावर चेन सैलही करतो. गरम असताना ताणलेली चेन थंड होताना आखडते आणि मोटरच्या दांड्यावर उगाच ताण येतो.

आमच्या वहीतले जे थोडे जाड ओंडके होते, त्यातले मुळासकट उपटलेले, एकमेकांवर रेललेले किंवा उतारावर अडकलेले आम्ही अजूनही प्रशिक्षित माणसांवर सोपवतो. तिथे करवत कुठली आहे याला महत्त्व नसतं, ताण कुठे साठलाय हे वाचता येणं महत्त्वाचं असतं. जिथे मोटरचं यंत्र न्यायला परवानगी नाही अशा भागात बॅटरीची करवतही मोटरचीच धरली जाते, हे आधी विचारून घेतलं. तिथे दोन माणसांनी ओढायची जुनी आडवी करवतच चालते.

आता पुढच्या खरेदीत तिसरा पॅक नाही, दोन जास्तीच्या चेन आहेत. वाटेवर दगडाला लागून चेन गेली तर कानस मारत बसण्यापेक्षा चेन बदलणं पाच मिनिटांचं काम. मागवताना पात्यावर कोरलेले तीन आकडे द्यायचे: पिच, गेज आणि खाचेत फिरणाऱ्या कड्यांची संख्या. लांबी इंचांत सांगून भागत नाही, कारण एकाच इंचाच्या दोन पात्यांना कड्या वेगवेगळ्या लागू शकतात. पात्यावरचे आकडे पुसले असतील तर जुनी चेन टेबलावर पसरून कड्या मोजायच्या, आणि एकदा मोजून झाल्या की तो आकडा करवतीच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवायचा.